पंप खोलण्याआधी बेंचवर का चढवतो?

ट्रॅक्टर काळा धूर मारतो, टेम्पोचं ॲव्हरेज गेलं, सकाळी दहा-दहा वेळा सेल्फ मारावा लागतो. अशी तक्रार घेऊन डिझेल पंप, म्हणजे इंजिनाला डिझेल मोजून देणारा पंप, येतो आणि सोबत निरोपही येतो, "एलिमेंट बदलून टाका." एलिमेंट म्हणजे पंपातली डिझेल दाबणारी प्लंजर-बॅरलची (दांडा आणि नळी) जोडी. आम्ही लगेच पाना लावत नाही. पंप आला तसाच टेस्ट बेंचवर चढवतो आणि आधीचं माप कागदावर उतरवतो. हे माप घेतलं नाही, तर काय बिघडलं होतं ते नंतर कोणालाच सांगता येत नाही.

बेंचवर इंजिनाच्या जागी मोटर पंप फिरवते. फोर-स्ट्रोक इंजिन 2000 आरपीएमवर असतं तेव्हा पंप 1000 वर असतो, म्हणून आमच्या कागदावरचे आरपीएमचे आकडे निम्मे दिसतील. डिझेलऐवजी टेस्ट ऑइल वापरतो आणि ते साधारण 40 अंशांवर ठेवतो. प्रत्येक लाइनचं तेल काचेच्या नळीत पडतं. समजा, तुमच्या पंपाच्या टेस्ट प्लॅनमध्ये, म्हणजे त्या पंपाच्या ठरलेल्या मापांच्या तक्त्यात, 1000 स्ट्रोकला 50 सीसी आहे आणि तीन सिलिंडरच्या पंपाने 50, 49 आणि 41 दिलं. मग तिसरा सिलिंडर ओढत नाही, एवढं नळ्यांकडे बघूनच कळतं. त्यात एलिमेंट झिजलं की डिलिव्हरी व्हॉल्व्ह गळतोय, की नुसती सेटिंग सरकली, हे पुढच्या तपासणीत ठरतं. सेटिंगच सरकली असेल तर नवा पार्ट लागतच नाही.

तेलाच्या तापमानावर आम्ही एवढे अडून का बसतो? एलिमेंटच्या प्लंजर-बॅरलमधली फट 2 ते 3 मायक्रॉन असते, केसाच्या जाडीच्या किती तरी पट कमी. तेल तापलं की पातळ होतं आणि झिजलेल्या फटीतून मागे निसटतं. रोटरी पंपाच्या (एकच फिरतं हेड सगळ्या सिलिंडरना डिझेल वाटतं) गाड्यांचा एक रोग ड्रायव्हर लोकांना पाठ आहे. थंड असताना गाडी एका सेल्फमध्ये चालू होते, पण तापल्यावर धाब्यावर बंद केली की परत चालू होत नाही. मग पंपावर ओलं फडकं टाकायचं. फडक्याने गाडी चालू झाली तर पंपाचं हेड झिजलंय असा दाट संशय घ्यावा. असा पंप आम्ही गरम तेलावर 100 आरपीएमला, म्हणजे सेल्फच्या वेगाला तपासतो. जास्त वेगावर तो साळसूदपणे बरोबर माप देतो.

इनलाइन पंपात (प्रत्येक सिलिंडरला वेगळं एलिमेंट) टायमिंगही बघतो, म्हणजे एका सिलिंडरनंतर दुसऱ्याला डिझेल किती अंशांनी जातं ते. तीन सिलिंडरला 120 अंश, चारला 90, सहाला 60, आणि फरक अर्ध्या अंशाच्या आत. शेवटी गव्हर्नर, म्हणजे इंजिनाचा वेग आवरणारा भाग, तपासतो.

फुल लोडच्या स्क्रूचं (जास्तीत जास्त डिझेल किती जायचं ते ठरवणारा स्क्रू) सील तोडून तो फिरवून घेऊ नका, आमच्याकडूनही नाही. चार दिवस पिकअप वाढल्यासारखा वाटतो. मग डिझेल धुरातून जातं आणि पिस्टन तापतो.

कॉमन रेलच्या गाड्यांचं (सगळ्या इंजेक्टरना एकाच जाड पाइपातून, म्हणजे रेलमधून, डिझेल जातं) गणित वेगळं. तिथे पंप फक्त प्रेशर तयार करतो. डिझेल किती आणि कधी जायचं ते ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, ठरवतो. रेलमध्ये प्रेशर बनत नाही म्हणून पंप काढून आणतात आणि बेंचवर तो ठणठणीत निघतो, कारण गळती इंजेक्टरच्या रिटर्नला (इंजेक्टरमधून टाकीकडे परत जाणारं डिझेल) असते. त्यामुळे पंप उतरवण्याआधी मेकॅनिककडून रिटर्नचं माप घ्या; पंप काढण्या-बसवण्याची मजुरी वाचेल. पंपात लोखंडी चुरा सापडला, तर मात्र नुसता पंप दुरुस्त करून देणार नाही. टाकी, पाइप, रेल, इंजेक्टर सगळं साफ करून तपासावं लागतं, नाहीतर तोच चुरा नवा पंप खातो.

एक धोका नीट लक्षात ठेवा. जुन्या पंपावर चालू इंजिनात पाइपाचा नट सैल करून सिलिंडर तपासायची सवय आहे. कॉमन रेलवर हे करायचं नाही. तिथे प्रेशर हजार बारच्या वर जातं आणि बारीक धार कातडीतून आत घुसते. जखम टाचणीएवढी दिसली तरी थेट दवाखाना गाठा.

पंप आणताना खोलून आणू नका. तोंडं स्वच्छ प्लास्टिकच्या टोप्यांनी बंद करा, चिंध्या कोंबू नका. धागे आत जातात. नंबरप्लेट घासून चकचकीत करू नका, टेस्ट प्लॅन त्याच नंबरावरून मिळतो. जमलं तर फिल्टरमधलं थोडं डिझेल बाटलीत आणा. खाली पाणी बसलेलं दिसलं तर अर्धं निदान तिथेच होतं. कॅनमधून डिझेल भरणाऱ्यांच्या बाटलीत ते बऱ्याचदा दिसतं.

पंप नेताना आधीच्या आणि नंतरच्या मापाचा कागद आणि काढलेले जुने पार्ट मागून घ्या. बेंचवर पंप चालू असताना शेजारी उभं राहायचं असेल तर सकाळी या, दुपारी आवाजात बोलणं होत नाही.