व्हीआर हेडसेट घेण्याआधी एवढं वाचा

व्हीआर हेडसेट म्हणजे डोक्यावर चढवून आभासी जग (व्हर्च्युअल रिॲलिटी) बघायचा पडदा. बेळगावातल्या आमच्या दुकानात आल्या आल्या लोक त्याची किंमत विचारतात. आम्ही उलट विचारतो : फोन कोणता आहे? घरी पीएस४ (सोनीचं खेळांचं यंत्र, प्लेस्टेशन ४) आहे का? ग्राफिक्स कार्डवाला कॉम्प्युटर आहे का? काहींना हे आवडत नाही, पण इलाज नाही. आम्ही विकतो ते पहिल्या पिढीतले हेडसेट जवळजवळ सगळे एकट्याने काहीच करत नाहीत. चित्र तयार करणारं यंत्र वेगळं असतं. हेडसेट ते चित्र दोन डोळ्यांपुढे धरतो आणि तुमची मान कुठे वळली ते त्या यंत्राला कळवतो. त्यामुळे नुसता हेडसेट स्वस्तात मिळाला म्हणून घेऊन गेलात, तर तो कपाटावर पडून राहील.

आमच्याकडचा माल बहुतेक २०१४ ते २०१८ या काळातला आहे. पुण्याला किंवा बेंगळुरूला नोकरीला असलेली पोरं नवीन घेतात आणि जुनं सुट्टीला येताना घेऊन येतात. ते आम्ही तपासतो, गाद्या बदलतो आणि विकतो किंवा भाड्याने देतो. हेच पत्रक कन्नडमध्येही काउंटरवर आहे.

थोडं मागचं

डोक्यावर चढवायचा पडदा ही कल्पना फार जुनी आहे. अमेरिकेत आयव्हन सदरलँड यांनी १९६८ मध्ये असं यंत्र दाखवलं. ते इतकं जड होतं की छताला टांगावं लागे. घरच्या खेळासाठीचा मोठा प्रयत्न निन्टेन्डो या जपानी खेळांच्या कंपनीने १९९५ मध्ये केला, त्याचं नाव व्हर्च्युअल बॉय. नाव मोठं, पण चित्र फक्त लाल आणि काळं, कारण त्या वेळी लाल एलईडीच स्वस्त होते. चित्राची बारकाई ३८४ बाय २२४ ठिपके. डोक्यावर बसतही नव्हता. टेबलावरच्या स्टँडवर ठेवून वाकून बघायचा, म्हणजे मान गेलीच. जेमतेम २२ खेळ निघाले आणि वर्षाच्या आत गाडी थांबली. आमच्याकडे तो विक्रीला नाही. कुणाच्या घरी असेल तर दाखवायला जरूर आणा, आम्हालाही बघायचाय.

मग पुढे जमलं कसं? स्मार्टफोनमुळे. फोन कोट्यवधींनी विकले जाऊ लागले तसे बारीक ठिपक्यांचे छोटे पडदे आणि हालचाल ओळखणारे सेन्सर स्वस्त झाले. पामर लकी या पोराने २०१२ मध्ये त्यांतूनच ऑक्युलस रिफ्ट या हेडसेटचा नमुना जुळवला आणि लोकवर्गणीतून अडीच लाख डॉलर मागितले, तर चोवीस लाखांच्या वर जमले. २०१४ मध्ये फेसबुकने त्याची ऑक्युलस कंपनी दोनशे कोटी डॉलरला घेतल्याचं जाहीर केलं. त्याच वर्षी गूगलने पुठ्ठ्याचा कार्डबोर्ड काढला : दोन भिंगं, एक लोहचुंबक, घडी घातलेला पुठ्ठा, आत तुमचाच फोन. त्याचं डिझाइन सगळ्यांना खुलं होतं. आज बाजारात दिसणारे प्लास्टिकचे सगळे ‘व्हीआर बॉक्स’ त्याचीच पिलावळ.

फोन घालायचा डबा

सगळ्यात जास्त खप याचाच, आणि सगळ्यात जास्त तक्रारीही याच्याच. बहुतेक तक्रारींचं मूळ एकच : फोनमध्ये जायरोस्कोप नसतो. मान किती वळली हे नेमकं सांगणारा हा सेन्सर आहे. स्वस्त फोनमध्ये कंपन्या तो गाळतात आणि फोन आडवा-उभा ओळखणारा साधा सेन्सर तेवढा ठेवतात. मग तुम्ही मान वळवता आणि चित्र जागच्या जागी राहतं.

हे घरीच तपासता येतं. यूट्यूबच्या ॲपमध्ये एखादा ३६० अंशांचा व्हिडिओ लावा आणि फोन हातात धरून स्वतःभोवती फिरा. फोनबरोबर चित्र फिरलं तर जायरोस्कोप आहे. बोटाने ओढल्यावरच फिरत असेल तर नाही, आणि मग डबा घेऊ नका. आम्ही विकणार नाही असं नाही, पण दुसऱ्या दिवशी परत घेणार नाही.

डब्यात फोनच्या पडद्याचे दोन भाग होतात, अर्धा एका डोळ्याला, अर्धा दुसऱ्याला. १९२० बाय १०८० चा फोन असला तरी एका डोळ्याच्या वाट्याला ९६० बाय १०८० च येतात, आणि तेही भिंगातून मोठे होऊन. म्हणून ठिपके दिसतात, ठिपक्यांमधली काळी जाळीही दिसते. ‘भिंग खराब आहे’ म्हणून डबा परत आणण्यात अर्थ नाही, तो सगळीकडे तसाच आहे.

सॅमसंगचा गिअर व्हीआर या डब्यांच्या वरचा. त्यात स्वतःचा चांगला सेन्सर आहे आणि भिंग पुढेमागे करायचं चाकही आहे, त्यामुळे थोडा मायनस नंबर असलेल्यांना चष्म्याशिवाय बघता येतं. पण तो सॅमसंगच्या ठरावीक फोनवरच चालायचा. गॅलेक्सी नोट १० पासून पुढचे फोन त्यात चालत नाहीत, आणि २०२० मध्ये सॅमसंगने आपल्या सेवाही आवरल्या. म्हणून तुमचा फोन दुकानात आणा. त्यावर चालवून दाखवला तरच आम्ही गिअर व्हीआर विकतो.

पीएस४ वाल्यांसाठी

घरी पीएस४ असेल तर आमचा सल्ला सरळ आहे : सोनीचा प्लेस्टेशन व्हीआर घ्या. ऑक्टोबर २०१६ चा हा हेडसेट ठिपक्यांच्या हिशेबात फार पुढचा नाही, ५.७ इंची पडदा आणि १९२० बाय १०८० च. पण चित्र सेकंदाला १२० वेळा बदलू शकतं आणि वजन गालांवर न येता कपाळावरच्या पट्ट्यावर येतं. चष्मा घालून आरामात बसतो. वयस्कर मंडळींना दाखवायला यासारखा दुसरा नाही.

सेकंडहँड घेताना मात्र डोळे उघडे ठेवा. कॅमेरा वेगळा असतो, तो नसेल तर खेळ चालणार नाहीत. हातात धरायच्या मूव्ह कंट्रोलरच्या पहिल्या मॉडेलची चार्जिंगची पिन जुन्या प्रकारची, मिनी-यूएसबी असते. घरातल्या कुठल्याच चार्जरला ती बसत नाही, म्हणून केबल सोबतच मागून घ्या. पीएस४, हेडसेट आणि टीव्ही यांच्या मधे जोडायचा एक छोटा डबा सोबत येतो. पहिल्या मॉडेलमध्ये या मधल्या डब्यातून एचडीआर (उजेड-अंधाराचा फरक जास्त दाखवणारं) चित्र टीव्हीला जात नाही, सुधारित मॉडेलमध्ये जातं. पीएस५ ला जोडायचं तर सोनीचा ॲडॉप्टर लागतो आणि कॅमेराही जुना पीएस४ चाच लागतो. तरीही खेळ पीएस४ चेच चालतात.

आणखी एक गोष्ट फार लोकांना माहीत नाही. याच मधल्या डब्याला सेट-टॉप बॉक्स किंवा लॅपटॉप एचडीएमआयने जोडला तर डोळ्यांपुढे मोठ्ठा पडदा उभा राहतो. घरात एकच टीव्ही आणि आईची मालिका रोज त्याच वेळेला, अशांना हे बरं पडतं. पण फक्त सिनेमे बघायलाच हेडसेट घेणार असाल तर आम्ही नको म्हणू. तो मोठा पडदा आतल्या ठिपक्यांच्या एका भागातच मावतो, म्हणजे साध्या एचडी टीव्हीपेक्षाही चित्र मऊ दिसतं. त्याच पैशांत टीव्ही बरा, आणि चौघांना एकत्र बघता येतो.

कॉम्प्युटरवाले

२०१६ चे ऑक्युलस रिफ्ट आणि एचटीसी व्हाइव्ह. चित्र या दोघांचं चांगलं, एका डोळ्याला १०८० बाय १२००, सेकंदाला ९० वेळा. कॉम्प्युटर मात्र तगडा लागतो : रिफ्टने त्या वेळी जीटीएक्स ९७० कार्ड आणि ८ जीबी रॅम मागितली होती. लॅपटॉपवाल्यांनी विशेष जपावं. पुष्कळ लॅपटॉपचा एचडीएमआय पोर्ट ग्राफिक्स कार्डाला न जोडता प्रोसेसरमधल्या साध्या ग्राफिक्सला जोडलेला असतो. कार्ड कितीही भारी असो, हेडसेट चालत नाही. लॅपटॉप दुकानात घेऊन या, जोडून बघू.

रिफ्टची केबल खास त्याचीच असते आणि आता नवी मिळत नाही. आमच्याकडे केबल तुटलेला रिफ्ट घेऊन येणाऱ्यांना ‘नाही होत’ एवढंच सांगावं लागतं. केबलवर खुर्चीचं चाक जाऊ देऊ नका.

व्हाइव्हसाठी खोलीच्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत डोक्यापेक्षा उंच दोन पेट्या लावाव्या लागतात. त्या अदृश्य प्रकाश खोलीभर फिरवतात आणि त्यावरून हेडसेट स्वतःची जागा ठरवतो. आरसा दिसला की तो गोंधळतो. शहापुरातल्या एका घरी बसवायला गेलो, तर चित्र सारखं उड्या मारत होतं. केबल बदलली, पेट्यांच्या जागा बदलल्या, फरक पडेना. शेवटी कारण सापडलं : आरशाचं कपाट, आणि भिंतीवर देवांच्या काचेच्या तसबिरींची रांग. कपाटावर चादर टाकली, तसबिरींसमोरच्या पेटीचा कोपरा बदलला आणि सगळं सुरळीत झालं. प्लेस्टेशनचा कॅमेरा साध्या उजेडावर चालतो, म्हणून त्याला खिडकीतलं ऊन आणि दिवाळीच्या माळा चालत नाहीत.

आणि वरती पंखा! उभं राहून हात वर करणारे खेळ पंख्याखाली खेळू नका. बुटक्या छताच्या जुन्या घरांत तर नकोच.

मळमळ का होते

आंबोली किंवा चोर्ला घाटात ज्यांना बसमध्ये मळमळतं, त्यांनी सावध राहावं. बसमध्ये कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग ‘आपण हलतोय’ म्हणतो आणि डोळ्यांना समोरची सीट स्थिर दिसते. हेडसेटमध्ये नेमकं उलटं : डोळ्यांना वेग दिसतो आणि शरीर खुर्चीत असतं. मान वळवल्यानंतर चित्र मागून वळलं तर त्रास आणखी वाढतो. हा उशीर सेकंदाच्या पन्नासाव्या भागाच्या आत ठेवायचा प्रयत्न चांगले हेडसेट करतात. स्वस्त डब्यात तो जास्त असतो.

पोरं पाहुण्यांना पहिल्यांदा रोलर कोस्टरच दाखवतात. असं करू नका. सगळ्यात वाईट सुरुवात तीच. आधी एका जागी उभं राहून बघायचं काहीतरी लावा, समुद्राखालचं वगैरे. नवख्याला पाच-दहा मिनिटं पुरेत. डोकं जड वाटलं की लगेच काढा, ‘सवय होईल’ म्हणून ताणू नका. काढल्यावर थोडं बसा, लगेच गाडीची किक मारू नका.

लहान मुलांबद्दल कंपन्यांनी स्वतःच लिहिलंय : सोनी १२ वर्षांखाली नको म्हणते, ऑक्युलसने या हेडसेटसाठी १३ लिहिलं होतं. आम्हीही दुकानात त्यापेक्षा लहान मुलांना घालायला देत नाही, पालक रागावले तरी. फिट येणाऱ्यांनी आणि पेसमेकर असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये.

पावसाळा, ऊन आणि खोबरेल

बेळगावला गरिबांचं महाबळेश्वर म्हणत, ते हवेसाठी. भिंगांना मात्र ही हवा सोसत नाही. जून ते सप्टेंबर हेडसेट उघडा ठेवला तर फोमला कुबट वास येतो आणि भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक पांढरे धागे दिसू लागतात. ती बुरशी असते. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडून येणाऱ्या मालात हे हमखास दिसतं. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. पुड्या ओल्या झाल्या की बदला. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून कपाटात कोंबणं सगळ्यात वाईट, आतली ओल आतच राहते.

उन्हाचा धोका वेगळा. भिंगं उन्हाकडे तोंड करून राहिली तर ऊन पडद्यावर एका बिंदूत गोळा होतं आणि तिथे डाग पडतो. गच्चीवर वाळत ठेवलेला एक हेडसेट आमच्याकडे आला होता, पडद्याच्या मधोमध पिवळट रेघ, सूर्य सरकला तशी सरकलेली. दुरुस्ती नाही. वास जावा म्हणून वाळवायचाच असेल तर फोम काढून फोमच वाळवा.

भिंगं सॅनिटायझरने किंवा स्पिरिटने पुसू नका, ती प्लास्टिकची असतात आणि धुरकट होतात. चष्म्याचं कोरडं मऊ कापड पुरे. घालण्याआधी कपाळावरचं ओलं गंध, कुंकू पुसून घ्या, आणि डोक्याला भरपूर खोबरेल लावून बसू नका. तेल फोममध्ये मुरतं, फोम चिवट होतो आणि सुटून येतो.

भाड्याने

वाढदिवस, गॅदरिंग, गणेशोत्सवातली मंडळं, सगळ्यांना देतो. मंडळांसाठी एक अट आहे : बदलायचे कागदी मास्क आमच्याकडूनच घ्यायचे आणि माणूस बदलला की मास्क बदलायचा. डोळे आल्याची साथ असेल त्या आठवड्यात आम्ही सामुदायिक वापरासाठी भाड्याने देत नाही, आगाऊ पैसे दिले असले तर परत करतो. मंडळाच्या मंडपात व्हाइव्ह मागू नका. स्पीकरच्या हादऱ्याने खांबावरच्या पेट्या हलतात आणि बघणाऱ्याला सगळं जगच हलताना दिसतं. प्लेस्टेशनचा संच घ्या, खुर्चीवर बसवून दाखवता येतो आणि रांगेतल्यांना तेच चित्र टीव्हीवर दिसतं.

नेताना ओळखपत्राची झेरॉक्स आणि अनामत द्यायची. परत करताना केबल गुंडाळून, न दुमडता आणा. संच परत आल्यावर तुमच्यासमोरच चालू करून बघतो, त्यामुळे दुकान बंद व्हायच्या वेळेला धावत येऊ नका, निवांत या.