बेने इस्रायल दफनभूमी : नोंदींचा शोध

रायगड (पूर्वीचा कुलाबा) जिल्ह्यातील अलिबाग, रोहा, पेण, पनवेल या भागांत बेने इस्रायल या ज्यू (यहुदी) समाजाच्या जुन्या दफनभूमी आहेत. तेलघाणा चालवणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून कोकणात हे लोक ‘शनवार तेली’ म्हणून ओळखले जात. आधी मुंबईकडे आणि १९४८ नंतर इस्रायलला स्थलांतर होत गेले, तशी गावे रिकामी झाली.

सर्वांत प्रसिद्ध जागा अलिबागजवळच्या नवगावची. फुटलेल्या गलबतातून सात जोडपी वाचली आणि बुडालेल्या बाकीच्यांना इथे पुरले, अशी समाजाची परंपरा आहे. आधार मात्र सांगोवांगीचा. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ मध्ये लिहिलेला समाजाचा इतिहास छापला गेला १९३७ मध्ये, तेल अवीवला. शोधाची सुरुवात नवगावपासून करण्याचा मोह होतो. पण कागद हाती लागतात ते अलीकडच्या पिढ्यांचे.

थडग्यांवरचा मजकूर हिब्रू, मराठी किंवा दोन्हींत असतो. हिब्रू वर्ष अक्षरांनी लिहितात आणि पुष्कळदा पाच हजारांचा आकडा गाळतात. ६६१ असे निघाले तर त्यात १२४० मिळवून इ.स. १९०१ येते, मात्र हिब्रू वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास बदलत असल्याने वर्षारंभापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखांना १२३९ मिळवावे लागतात. वर्ष शालिवाहन शकाचे असेल तर ७८ मिळवावेत, आणि जानेवारी ते फाल्गुनअखेर ७९.

खरी गफलत नावांत होते. घरात सामाजी, हसाजी, अबाजी म्हणून वावरलेला माणूस दगडावर शमुएल, यहेज्केल किंवा अब्राहाम असू शकतो. रोहेकर, पेणकर, नवगावकर ही आडनावे घराण्याचे मूळ गाव सांगतात, मृत्यूचे नव्हे. रोहेकराची कबर रोह्यातच शोधणारा हमखास चुकतो.

म्हणून दगड वाचून झाला की गाव नमुना १४, म्हणजे ‘कोतवाल बुक’, पाहावे. कुणबी नोंदींच्या शोधामुळे २०२३ पासून हा दस्त घरोघरी माहीत झाला. गावातला जन्म किंवा मृत्यू, नाव, बापाचे नाव, जात असा तपशील त्यात मिळतो. जुनी पाने मोडीत असल्याने मोडी वाचणारा माणूस गाठावा लागतो. बाड तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात असते, निदान असायला हवे. जातीच्या रकान्यात एकच शब्द धरून बसू नये : ‘इस्रायल’, ‘यहुदी’, ‘तेली’ हे सगळेच पाहावेत. ज्यांच्यावर दगड बसलाच नाही, त्या तान्ह्या मुलांचा आणि गरिबांचा माग लागलाच तर इथेच लागतो.

जागेचा प्रश्न वेगळा. सातबाऱ्यावर पीकपाहणी दिसते, थडगी दिसत नाहीत. हद्द ठरवायची तर भूमी अभिलेख कार्यालयातील गावनकाशा आणि जुने फेरफार काढावे लागतात.