सीटमागचं इंजिन आणि किमतीतली दरी

जोडून सुट्टी आली की मुंबई-गोवा हायवेवर खारेपाटणपासून पात्रादेवीपर्यंत जमिनीला चिकटून चालणाऱ्या दोन-चार गाड्या हमखास दिसतात. आवाज आधी येतो, गाडी नंतर. ती गेली की टपरीवर वाद सुरू होतो: लॅम्बोर्गिनी होती की फेरारी, आणि कुठली भारी. अलीकडे या वादात एक तिसरं नाव घुसलं आहे, शेवरोले कॉर्व्हेट. ती इथल्या रस्त्यावर कुणी पाहिलेली नसते, मोबाइलवर मात्र सगळ्यांनी पाहिलेली असते. अमेरिकेत साठ हजार डॉलरला सुरू झालेली गाडी दोन-अडीच लाख डॉलरच्या गाड्यांच्या बरोबरीने धावते, तर मग वरचे पैसे कशाचे? हा प्रश्न कॉर्व्हेटबरोबर जन्मलेला नाही. त्यामागे रस्त्यावरच्या मिड-इंजिन, म्हणजे इंजिन मध्यभागी असलेल्या, गाड्यांचा साठ वर्षांचा इतिहास आहे.

तसं बघायला गेलं तर कोकणात मिड-इंजिन गाडीत बसला नाही असा माणूस सापडणं कठीण. मारुतीची ओम्नी आठवा. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन पुढच्या सीटखाली आणि ताकद मागच्या चाकांना. मे महिन्यात आंब्याच्या पेट्या भरून निघालेल्या ओम्नीत पुढे बसलं की बुडाला चटका बसायचाच. गॅरेजमध्ये सीट उलटली की प्लग, बेल्ट, कार्बोरेटर सगळं समोर. व्याख्येत बसवायचं तर दोन आसांच्या मध्ये इंजिन, म्हणजे मिड-इंजिनच. पण तिथे इंजिन मध्ये गेलं ते सामानाला जागा मिळावी म्हणून. शर्यतीच्या गाडीत ते मध्ये गेलं ते वळणासाठी.

वळणाचं गणित सोपं आहे. कावडीच्या दोन टोकांना भरलेल्या घागरी असताना गर्रकन वळून बघा, आणि त्याच घागरी छातीशी धरून वळा. वजन मध्याजवळ असलं की गाडी चटकन वळते. शिवाय इंजिनाचा भार मागच्या चाकांवर पडत असल्याने जोरात रेस दिली तरी चाकं कमी घसरतात. तोटेही आहेत. सामानाला जागा नाही, इंजिनापर्यंत हात पोहोचत नाही, केबिन तापते. आणि वळणात मागचा भाग एकदा सुटला की सावरायला वेळ मिळत नाही.

शर्यतीत हे तंत्र १९३४ पासून जर्मनीच्या ऑटो युनियनने वापरलं. फर्डिनंड पोर्शने आखलेल्या त्या गाड्यांत सोळा सिलिंडरचं इंजिन चालकाच्या पाठीमागे होतं. गाड्या वेगवान, पण चालवायला महाकठीण. युद्धानंतर हीच कल्पना पुन्हा वर आली ती अगदी गरिबीतून. इंग्लंडमधल्या कूपर बापलेकांनी मोटरसायकलचं ५०० सीसीचं इंजिन छोट्या गाडीत बसवलं. ते साखळीने मागची चाकं फिरवणार, मग चाकांजवळ ठेवलेलंच बरं, एवढा साधा विचार. त्याच घराण्यातल्या गाडीने स्टर्लिंग मॉसने १९५८ ची अर्जेंटिनाची ग्रां प्री जिंकली आणि जॅक ब्रॅबमने १९५९ व १९६० ची फॉर्म्युला वनची जगज्जेतेपदं. एन्झो फेरारी इंजिन पुढेच हवं या मताचे होते. १९६१ मध्ये त्यांचा संघही मिड-इंजिन गाडीने जगज्जेता झाला, तेव्हा तो विषय मिटला.

रस्त्यावरच्या गाड्यांत खरी खळबळ १९६६ मध्ये उडाली. जिनिव्हाच्या प्रदर्शनात लॅम्बोर्गिनी मिउरा आली आणि महागड्या गाडीचं रूपच पालटलं. बारा सिलिंडरचं, जवळपास चार लिटरचं इंजिन सीटमागे आडवं बसवलेलं. इंजिन आडवं टाकायचं आणि गिअरबॉक्स त्याच्याशी एकाच सांगाड्यात जोडायचा, ही कल्पना मात्र १९५९ च्या मिनीची, म्हणजे मध्यमवर्गीयांच्या चिमुकल्या गाडीची. मिनीसारखंच मिउरातही इंजिन आणि गिअरबॉक्सचं तेल एकच होतं. त्याचा त्रास झाला, म्हणून शेवटच्या आवृत्तीत ते वेगळं करावं लागलं. स्वस्त गाड्या महागड्यांची नक्कल करतात असं सरसकट बोललं जातं. इथे उसनवारी उलट्या दिशेने झालेली आहे, आणि ती कुणी सांगत नाही.

मिनीनंतर पुढची चाकं ओढणाऱ्या छोट्या गाड्यांची लाट आली आणि स्वस्त मिड-इंजिन गाडीची गुरुकिल्ली हाती लागली. अशा गाडीत इंजिन, गिअरबॉक्स आणि चाकांना जाणारे दांडे असा सगळा जुडगा पुढे असतो. तो उचलून सीटमागे ठेवायचा, झालं. फियाटने १९७२ मध्ये १२८ या घरगुती गाडीचं १,२९० सीसीचं इंजिन घेऊन एक्स१/९ काढली. तिचा आकार मार्चेलो गांदिनीचा, म्हणजे मिउरा ज्याच्या हातून उतरली त्याच माणसाचा. इंजिनात जमीन-अस्मानाचं अंतर, पण कागदावरची पेन्सिल एकच. टोयोटाने १९८४ मध्ये एमआर२ त्याच सूत्राने काढली, कोरोलाच्या कुटुंबातलं १.६ लिटरचं इंजिन घेऊन. ती दणकट निघाली. तिच्या दुसऱ्या पिढीच्या सुरुवातीच्या गाड्या मात्र वळणात अचानक फिरतात म्हणून बदनाम झाल्या.

पण मला या सगळ्यांत पाँटिअ‍ॅक फिएरोची गोष्ट जास्त बोलकी वाटते. जनरल मोटर्सने १९८४ च्या मॉडेल वर्षासाठी ती आणली. पैसे वाचवायला पुढचं सस्पेन्शन शेवेट या छोट्या गाडीचं, मागचं दुसऱ्या एका घरगुती गाडीचं पुढचंच काढून बसवलेलं, आणि इंजिन अडीच लिटरचं चार सिलिंडरी, दणकट पण सुस्त. दिसायला स्पोर्ट्स कार, चालायला कामावर जायची गाडी. तरी पहिल्याच वर्षात १,३६,००० हून जास्त विकल्या गेल्या. मग काही गाड्यांना आगी लागू लागल्या. इंजिनातलं तेल कमी झालं की कनेक्टिंग रॉड तुटायचा आणि गरम तेल एक्झॉस्टवर उडायचं. कंपनीला गाड्या परत बोलवाव्या लागल्या. १९८८ मध्ये शेवटी तिला स्वतःचं, खास तिच्यासाठी आखलेलं सस्पेन्शन मिळालं, आणि त्याच वर्षी कंपनीने ती बंद केली. आजारी माणूस बरा होऊन घरी आला आणि घरच्यांनी दार लावून घेतलं, असा हा प्रकार. नंतर अनेक फिएरोंवर फायबरची नकली अंगं चढवून लोकांनी खोट्या फेरारी आणि लॅम्बोर्गिनी तयार केल्या.

१९९० मध्ये होंडाची एनएसएक्स आली. अ‍ॅल्युमिनियमचं अंग, तीन लिटरचं व्ही६ इंजिन, २७० अश्वशक्ती, अमेरिकेत किंमत साठ हजार डॉलरच्या आसपास. स्वस्त म्हणता येणार नाही, पण फेरारी ३४८ पेक्षा बरीच कमी. तिच्या जोडणीवर फॉर्म्युला वनचा जगज्जेता आयर्टन सेन्नाने सुझुकाच्या ट्रॅकवर मत दिलं होतं, आणि मॅक्लॅरन एफ१ चा रचनाकार गॉर्डन मरे याने तिलाच मापदंड मानलं. माझ्या मते महागड्यांना खरा दणका बसला तो इथे. रोज ऑफिसला नेता येते, एसी नीट चालतो, सकाळी एका चावीत सुरू होते, एवढ्या गोष्टींनी होंडाने इटलीवाल्यांना लाज आणली.

पोर्शचा मामला वेगळाच. १९९६ ची बॉक्स्टर आणि नंतरची केमन या मिड-इंजिन, आणि त्यांच्याहून महाग ९११ चं इंजिन मागच्या आसाच्याही मागे. एकाच शोरूममध्ये स्वस्त गाडीची मांडणी सरस. मग केमनला जोर किती द्यायचा याचं कुलूप कंपनीने कित्येक वर्षं स्वतःकडेच ठेवलं. २०१५ च्या जीटी४ मध्ये ९११ चं ३.८ लिटरचं इंजिन मिळालं, तेव्हा ते थोडं उघडलं.

आता कॉर्व्हेट. झोरा आर्कस-डन्टॉव्ह या इंजिनिअरने १९६० पासून मिड-इंजिनचे प्रायोगिक नमुने बनवून कंपनीच्या मागे धोशा लावला होता. पुढे इंजिन असलेली गाडी धडाधड खपत होती, मग बदल कशाला? झोरा १९९६ मध्ये गेला. मिड-इंजिनची सी८, म्हणजे कॉर्व्हेटची आठवी पिढी, समोर आली जुलै २०१९ मध्ये: ६.२ लिटरचं व्ही८, ४९० अश्वशक्ती, किंमत ५९,९९५ डॉलर. झेड५१ हे वेगासाठीचं जास्तीचं पॅकेज घेतलं की शून्य ते ताशी ६० मैल २.९ सेकंदांत. हिने कुठल्या घरगुती गाडीचा जुडगा उचलला नाही. प्रत्येक सिलिंडरला दोन व्हॉल्व्ह आणि ते हलवायला पुशरॉड, हे इंजिन तंत्राने जुनं, कंपनीच्या पिकअप ट्रकांच्या इंजिनांचं भावंड. ती इंजिनं लाखांनी बनतात, आणि स्वस्ताई तिथून येते.

मग जास्तीचे पैसे कुठे जातात? लॅम्बोर्गिनी हुराकानचं दहा सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ८,००० फेऱ्यांच्या वर फिरतं, आणि तो आवाज साध्या सी८ ला साधत नाही. मॅक्लॅरनचा सांगाडा कार्बन फायबरचा असतो. तो हलका आणि ताठ, पण बनवायला वेळखाऊ. उरलेला पैसा नावाचा आणि गाडी दुर्मीळ असण्याचा. शेवरोलेने नंतर झेड०६ या सी८ च्याच जोरदार आवृत्तीत ५.५ लिटरचं, ८,६०० पर्यंत फिरणारं ६७० अश्वशक्तीचं इंजिन दिलं, आणि आवाजाचा मुद्दाही निम्मा निकालात निघाला. त्यासाठी किंमतही लाखापार गेलीच म्हणा. सी८ ची एक सोय मात्र आपल्याकडे हवीच: बटण दाबलं की नाक ४० मिलिमीटर वर उचललं जातं, आणि अशा हजार जागा गाडी जीपीएसवर लक्षात ठेवते. आपल्या गावागावांतले गतिरोधक धरले तर हजार पुरतील का, हा वेगळा प्रश्न.

आपल्या किनाऱ्यानेही हौस केली आहे. गोव्यात सॅन मोटर्सने स्टॉर्म ही फायबर अंगाची दोन सीटची उघडी गाडी बनवली, रेनोचं १,१४९ सीसीचं इंजिन पुढे बसवून. मिड-इंजिनचा प्रयत्न दिलीप छाब्रियांच्या डीसी अवंतीने केला. २०१२ ला दिल्लीच्या प्रदर्शनात ती दिसली, आणि नंतर पस्तीस लाखांच्या आसपास विकली गेली. टाटांची रेसमो मार्च २०१७ मध्ये जिनिव्हात दाखवली गेली, सीटमागे १.२ लिटरचं टर्बो इंजिन आणि १९० अश्वशक्ती. फियाटचं जुनंच सूत्र, पण ती बाजारात आलीच नाही.

कॉर्व्हेटची सी८ ही उजव्या हाताच्या स्टिअरिंगसह कारखान्यातून निघालेली पहिली कॉर्व्हेट आहे. पण शेवरोलेची मूळ कंपनी जनरल मोटर्सने २०१७ च्या अखेरीस भारतातली विक्री थांबवली होती. स्वतः आयात करायची म्हटलं तरी चाळीस हजार डॉलरपुढच्या तयार गाडीवर वर्षानुवर्षं १०० टक्के आयात शुल्क होतं, त्यावर जीएसटी आणि २०२५ पर्यंत सेस, मग आरटीओ. डॉलर ८५ रुपये धरला तर पन्नास लाखांची गाडी दीड कोटीच्या पुढे जाते. फेरारीचाही आकडा त्याच पटीत फुगतो, म्हणजे दोघींतलं अंतर राहतंच. फक्त परवडणारी म्हणावी अशी त्या दोघींत कुणी उरत नाही.