गायतोंडेंची चित्रं ‘अमूर्त’ नव्हेत

वासुदेव गायतोंडेंच्या चित्रासमोर उभं राहिलं की कुणीतरी हमखास म्हणतं, “यात समुद्र दिसतोय ना?” शेजारच्याला धुकं दिसतं. मग दोघांचं एकमत होतं: चित्र अमूर्त आहे, ज्याला जे दिसेल ते खरं. हे ऐकून ऐकून मी थकलो आहे. गायतोंडे स्वतः आपल्या चित्रांना अमूर्त म्हणत नसत. त्यांचा शब्द होता ‘नॉन-ऑब्जेक्टिव्ह’, म्हणजे वस्तुनिरपेक्ष. हा नुसता शब्दांचा कीस नाही.

अमूर्त तुम्हाला माहीत आहेच. समोर एखादी वस्तू किंवा जागा असते आणि चित्रकार तिच्यातला तपशील गाळत जातो. चित्रकार रामकुमार १९६०च्या सुमारास बनारसला गेले. त्यांच्या चित्रांतली घरं हळूहळू विरत गेली आणि नुसते रंगांचे पट्टे नि कोन उरले. पण त्याच वाटेनं उलट चालत गेलात, तर घाटावर पोचता. चित्रकार सय्यद हैदर रझांच्या ‘सौराष्ट्र’ या चित्रात (१९८३) तर प्रदेश नावातच आहे.

गायतोंडेंकडे अशी परतीची वाट नाही, कारण निघतानाच वस्तू नव्हती. होता तो रंग आणि तो लावण्याची रीत. तेलरंग रोलरनं पसरायचा, पॅलेट नाइफनं, म्हणजे रंगकामाच्या बोथट सुरीनं, खरवडायचा, वर दुसरा थर चढवायचा, पुन्हा काढायचा. मासिकं-वर्तमानपत्रांचे कागद कापून त्यांच्या साहाय्यानं रंग उमटवायचा. त्यातून आलेल्या खुणा लिपीसारख्या भासतात, पण वाचायला जावं तर एकही अक्षर लागत नाही. जवळ जाऊन पाहा: खालच्या थरातला रंग वरच्या पातळ थरातून वर येतो, म्हणून उजेड चित्रावर पडलेला नाही, आतून आलेला वाटतो. असं चित्र घाईनं होत नाही. वर्षाला पाच-सहाच व्हायची. बहुतेकांना नावही नाही.

मग समुद्र दिसला तर चुकलं का? दिसू दे. भिंतीवरच्या ओलीतही चेहरा दिसतो, म्हणून ओल काही चेहऱ्याचं चित्र ठरत नाही. माझी तक्रार वेगळीच आहे. एकदा समुद्र सापडला की माणूस पाहणं थांबवतो. कोडं सुटलं, पुढच्या चित्राकडे चला. एका दालनात मी मार्गदर्शकाला शाळेच्या मुलांना “ओळखा पाहू, हे काय आहे?” असं विचारताना ऐकलं, आणि फार वाईट वाटलं. मुलं रंगात छान रमली होती. त्या प्रश्नानं ती उत्तर शोधायला लागली.

मुंबईतल्या आधुनिक चित्रकारांच्या प्रोग्रेसिव्ह ग्रुपशी गायतोंडेंचं नातं किती, हा वाद मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही. झेन या बौद्ध ध्यानपंथाचा त्यांच्यावर प्रभाव होता हे खरं, पण ‘झेन’ म्हटलं की सगळं समजलं असं होत नाही. त्यांचं एक चित्र लिलावात ६७ कोटींना गेलं, त्यानं तर चित्राबद्दल काहीच कळत नाही.

युरोपीय चित्रकार पॉल क्लीची छाया असलेल्या सुरुवातीच्या चित्रांपेक्षा मला १९७०च्या दशकातले उभे कॅनव्हास कितीतरी सरस वाटतात. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातल्या जहांगीर निकल्सन संग्रहात गायतोंडे आहेत. मांडलेले असतील तेव्हा जा. एकच खूण निवडा आणि तिची कड कुठे संपते, रंग कुठे सुरू होतो, एवढंच बघत राहा.