मार्सियाकच्या बुधवारी बस सकाळी सातलाच का?

फ्रान्स सहलीच्या कार्यक्रमात मार्सियाक गावच्या बुधवारी 'निवांत दिवस' असं लिहिता आणि तुलूज शहरातून बस मात्र सातला सोडता, हा काय प्रकार? दर गटात कुणीतरी हे विचारतंच, म्हणून एकदा लिहूनच देतो.

आपल्याकडे आठवडी बाजाराला उन्हं कलल्यावर जायची सवय असते. तेव्हा भाजी स्वस्त मिळते, घासाघीसही जमते. मार्सियाकचा बाजार बुधवारी सकाळी भरतो आणि जेवणाच्या वेळेला उठतो. साडेबाराला पोचलात तर रिकामे क्रेट गाडीत चढताना दिसतील. दुकानंही तेव्हाच जेवायला बंद होतात आणि दोननंतर बहुतेक खानावळी चूल विझवतात. मागे एका गटाने नाश्त्यापायी बस दीड तास थांबवली. बाजार हुकला, जेवण हुकलं आणि बोलणी खाल्ली आमच्या मार्गदर्शकाने. तेव्हापासून बस थांबत नाही.

रस्ता दोनेक तासांचा आहे. नऊला उतरलात की घाई संपली. १२९८ साली आखून वसवलेलं हे गाव: मधोमध चौक, भोवती कमानींच्या ओवऱ्या, काटकोनात जाणाऱ्या गल्ल्या. हरवायची सोयच नाही. विक्रेत्याला आधी 'बाँझूर' म्हणा, मग भाव विचारा. फळं स्वतः दाबून पाहू नका. कधी खाणार ते सांगा, तो आजचं खरबूज वेगळं आणि परवाचं वेगळं काढून देतो. भाव मात्र करू नका. कापडी पिशवी आणि सुटे युरो जवळ ठेवा.

शाकाहारी मंडळींनी जरा जपून, हा बदकाचा मुलूख आहे. 'गार्ब्यूर' हे भाज्यांचं सार दिसतं, पण त्यात बहुधा बदक असतंच. सफरचंदाच्या क्रुस्ताद या पापुद्र्यांच्या गोड पदार्थात आर्मान्याक दारू घालायची पद्धत आहे. पाव, चीज, टोमॅटो, खरबूज घेऊन ओवरीत बसलात तर यापेक्षा चांगलं जेवण आम्हीही देऊ शकणार नाही. (म्हणूनच या दिवशी दुपारचं जेवण पॅकेजमध्ये धरलेलं नाही, पैसे वाचवतो असं समजू नये.)

आता संगीत. जेमतेम हजार-बाराशे वस्तीच्या या गावात १९७८ पासून जॅझ महोत्सव भरतो. जुलैचा उत्तरार्ध ते ऑगस्टची सुरुवात असा त्याचा काळ, आणि आमच्या सहलीही तेव्हाच. चौकातल्या मंचावर दिवसभर वादन चालतं, तेही फुकट. जॅझ कळत नाही म्हणून बिचकू नका. एकट्याचं वादन संपलं की मूळ रचना चालू असतानाच टाळ्या पडतात. मैफलीत मध्येच 'वा' म्हणणाऱ्यांना हे शिकवावं लागत नाही. ट्रम्पेटवादक विन्टन मार्सालिस इथे इतक्या वेळा वाजवून गेले आहेत की गावाने त्यांचा पुतळाच उभारला.

'त्याच दिवशी लूर्दचं तीर्थक्षेत्रही उरकू या' असं सुचवलं जातं. इतर कंपन्या तसं करतही असतील. आम्ही करत नाही, कारण मग बाजार बसच्या खिडकीतून पाहावा लागेल. लूर्दला गुरुवार ठेवला आहे.

रात्रीच्या मोठ्या तंबूतल्या मैफलीला तिकीट लागतं. गाजलेल्या कलाकारांची तिकिटं लवकर संपतात, तेव्हा आरक्षण करतानाच सांगा. आदल्या दिवशी फोन केलात तर आमचाही नाइलाज असतो. मैफल नको असलेल्यांसाठी छोटी गाडी साडेसातला परतते. मोठी बस मध्यरात्रीनंतर, म्हणून गुरुवारी नाश्ता दहापर्यंत आहे. तो खुशाल निवांत करा.