फोकस स्टॅकिंग आणि कीटकांची एक्स्ट्रीम मॅक्रो फोटोग्राफी

फोकस स्टॅकिंग म्हणजे फोकस थोडा थोडा पुढे सरकवत एकाच वस्तूचे बरेच फोटो काढायचे आणि प्रत्येकातला फक्त शार्प भाग उचलून सॉफ्टवेअरमध्ये एक फोटो बनवायचा. लँडस्केपवालेही हे करतात, पण त्यांचं तीन-चार फ्रेममध्ये भागतं. एक्स्ट्रीम मॅक्रोत, म्हणजे किडा सेन्सरवर खऱ्या आकारापेक्षा मोठा उमटतो तिथे, याच्याशिवाय काम होत नाही.

कारण डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे फोटोत पुढून मागे जेवढी खोली शार्प दिसते ती. मॅग्निफिकेशन वाढलं की ती इतकी कमी होते की माशीचे डोळे शार्प आले तर मिशा गेल्याच म्हणून समजा. मग अ‍ॅपर्चर (लेन्समधलं प्रकाश यायचं भोक) बारीक करा की, डेप्थ वाढेल, असं नवीन माणूस म्हणतो आणि तिथेच फसतो, कारण 5x ला (खऱ्या आकाराच्या पाचपट) लेन्सवर एफ 2.8 (आकडा जितका मोठा तितकं भोक लहान) ठेवलं तरी इफेक्टिव्ह, म्हणजे प्रत्यक्षातलं, अ‍ॅपर्चर एफ 16 च्या पुढे जातं, एफ 8 ठेवलं तर थेट एफ 48, आणि डिफ्रॅक्शनमुळे, म्हणजे बारीक भोकातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, अख्खा फोटोच सॉफ्ट येतो. म्हणून अ‍ॅपर्चर मोठंच ठेवायचं आणि फ्रेम वाढवायच्या.

कॅननची एमपी-ई 65 लेन्स 1x ते 5x देते. त्यापुढे मायक्रोस्कोपचं ऑब्जेक्टिव्ह (वस्तूकडची लेन्स) लावतात, बरेचदा 200 एमएम टेलीफोटो लेन्सच्या तोंडावर. मितुतोयो कंपनीच्या 10x ऑब्जेक्टिव्हची डेप्थ साधारण 3.5 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आहे, म्हणजे किड्याचं डोकं समजा 1.2 मिलिमीटर खोल असेल आणि 3 मायक्रॉनची स्टेप धरली तर 400 फ्रेम झाल्या. कॅमेरा पुढेमागे सरकवणारी रेल हाताने फिरवून हे कोण करणार, म्हणून मोटरवाली रेल. शूट चालू असताना पंखा बंद, टेबलाला हात नाही. फ्लॅश कमी पॉवरला ठेवला की त्याची चमक इतकी छोटी असते की बारीकसारीक हादरे फोटोत येत नाहीत.

या प्रकाराचं गाजलेलं उदाहरण म्हणजे फोटोग्राफर लेव्हन बिस यांचं 'मायक्रोस्कल्प्चर', 2016 साली ऑक्सफर्डच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियममध्ये लागलेलं प्रदर्शन. एका किड्याचे तीसेक भाग पाडायचे, प्रत्येक भागाला वेगळं लायटिंग करायचं, आणि असे 8,000 च्या वर फोटो जोडून एक चित्र. तिथे स्टॅकिंगइतकीच कमाल लाइटची आहे. भुंगेऱ्याची पाठ म्हणजे आरसाच, फ्लॅश उघडा मारला तर पांढरे डाग पडतात आणि ते एडिटिंगमध्ये जात नाहीत. ट्रेसिंग पेपरची नळी किंवा थर्माकोलचा कप किड्याभोवती लावला तरी खूप फरक पडतो, महागडं ऑब्जेक्टिव्ह घ्यायच्या आधी हे करावं.

एडिटिंगची सुरुवात रॉ फाइल्सपासून, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेल्या फाइल्सपासून. व्हाइट बॅलन्स, एक्स्पोजर सगळ्या फ्रेमना एकच, शार्पनिंग शेवटी. मग झेरीन स्टॅकर किंवा हेलिकॉन फोकस ही स्टॅकिंगची सॉफ्टवेअर. झेरीनमध्ये पीमॅक्स आणि डीमॅप अशा दोन पद्धती आहेत. एकमेकांवरून गेलेले केस आणि काटे पीमॅक्स छान सोडवतं पण नॉइज आणि कॉन्ट्रास्ट वाढवून ठेवतं, डीमॅपमध्ये रंग आणि पोत नैसर्गिक राहतो पण कडांना हेलो, म्हणजे अस्पष्ट वलयं, येतात. त्यामुळे दोन्ही आउटपुट काढायचे, डीमॅप बेस धरायचा आणि केसांच्या जागी पीमॅक्समधून ब्रशने रिटच करायचं. हेच खरं वेळखाऊ काम, स्टॅक होऊन जातो, एकेका मिशीची कड साफ करण्यात संध्याकाळ जाते. सेन्सरवर धुळीचा एक कण असेल तर अलाइनमेंटमध्ये प्रत्येक फ्रेम थोडी सरकते आणि त्या कणाची लांब रेघ उमटते, म्हणून सेन्सर आधीच साफ हवा. किड्यावरची धूळही शूटच्या आधी मऊ ब्रशने काढलेली बरी.

एवढ्या फ्रेमसाठी किडा मेलेलाच लागतो, मिशी हलली तरी स्टॅकमध्ये भूत दिसतं. खिडकीत, ट्यूबलाइटखाली मेलेले किडे भरपूर मिळतात, फोटोसाठी मुद्दाम मारायची गरज नसते. वाळून कडक झालेला किडा बंद डबीत ओल्या टिश्यूसोबत ठेवला की सांधे सैल होतात आणि पाय नीट मांडता येतात. आपल्याकडे काही फुलपाखरं आणि भुंगेरे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचींमध्ये आहेत, ते पकडणं गुन्हा आहे. जिवंत किड्याचा स्टॅक घ्यायचाच असेल तर पहाटे, गारठ्याने तो सुस्त असताना, आणि तोही कमी मॅग्निफिकेशनला दहा-वीस फ्रेमचाच.