काचेच्या पेटीतलं ऊन

डिसेंबरात बेळगावजवळच्या खानापूर भागात सकाळी जांभ्याच्या गडग्यावर सरडा दिसला, तर थोडं थांबून बघावं. रात्रीच्या गारठ्यानं तो काळपट पडलेला असतो. अंग चपटं करून, फासळ्या फुलवून तो उन्हाला आडवा बसतो. अंग तापलं की रंग उजळतो आणि स्वारी सावलीकडे सरकते. ही ये-जा दिवसभर चालू राहते. सरपटणारे प्राणी नुसती जागा बदलून शरीराचं तापमान बरंच काटेकोर सांभाळतात, हे काउल्स आणि बोगर्ट या अमेरिकी संशोधकांनी १९४४ मध्ये वाळवंटातल्या प्राण्यांच्या अभ्यासातून दाखवलं.

पाळायला काचेच्या पेटीत ठेवलेल्या सरपटणाऱ्या प्राण्याकडून आपण हीच मुभा काढून घेतो. ऑस्ट्रेलियातला बिअर्डेड ड्रॅगन हा सरडा असो की आफ्रिकेतला बॉल पायथन हा अजगर, साडेसातशे मीटर उंचीवरच्या बेळगावात हिवाळ्यात पारा पंधराच्या खाली गेला की तो गारठतो. मग पेटीखाली हीटर लावला जातो, नाहीतर बाजारातला विजेवर तापणारा नकली दगड आत ठेवला जातो. तो दगड कृपा करून घेऊ नका. या प्राण्यांना ऊब वरून मिळायची सवय असते. पोट भाजत असलं तरी ते दगडावरून उठत नाहीत, आणि अशा जखमा भरायला महिने लागतात.

उन्हातली सुमारे निम्मी ऊर्जा अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या पण ऊब देणाऱ्या किरणांची असते. त्यातले कमी तरंगलांबीचे किरण कातडीच्या आत शिरून स्नायूंपर्यंत ऊब पोचवतात. उजेड न देता नुसती ऊब देणाऱ्या सिरॅमिक हीटरचे किरण लांब तरंगलांबीचे, ते कातडीच्या वरच्या थरातच अडतात. म्हणून दिवसा हॅलोजन दिवा चांगला. एलईडी इथे कामाचा नाही, कारण त्याच्या उजेडात अवरक्त किरण जवळपास नसतातच. दिवा पेटीच्या एकाच टोकाला, जाळीच्या बाहेर, थर्मोस्टॅटला, म्हणजे तापमान आपोआप आवरणाऱ्या यंत्राला जोडून लावावा. त्याच्याखाली शहाबादी फरशीचा तुकडा ठेवा. तो सावकाश तापतो, आणि दिवा बंद झाल्यावरही बराच वेळ ऊब धरून राहतो. फरशीचा वरचा भाग बिअर्डेड ड्रॅगनसाठी चाळीस अंशांच्या आसपास, लेपर्ड गेको (पालीच्या जातीचा प्राणी) आणि बॉल पायथनसाठी बत्तीसच्या आसपास असावा. दुसरं टोक पंचवीसच्या जवळपास. दोन्हीकडे लपायला जागा हवी, नाहीतर भित्रा प्राणी ऊब सोडून आडोसाच निवडतो. मोजायला वस्तूचं तापमान दाखवणारी थर्मामीटर गन आणा, कपाळावर धरायची नव्हे.

पेटी खिडकीतल्या उन्हात ठेवायचा मोह होतो. तो टाळाच. बंद काचेच्या आत तापमान बघता बघता जीवघेणं होतं, आणि ‘ड’ जीवनसत्त्व तयार करणारे अतिनील किरण काच अडवते, म्हणजे फायदाही नाही. दिवसा वावरणाऱ्या सरड्यांना त्यासाठी हे अतिनील किरण देणारा वेगळा यूव्हीबी दिवा लागतो.

गरम टोक प्राण्याला किती मोलाचं असतं, हे १९७५ मधल्या एका प्रयोगात दिसलं. जिवाणूंचा संसर्ग झालेल्या डेझर्ट इग्वाना या वाळवंटी सरड्यांना जास्त उबेत ठेवलं, तेव्हा ते जास्त प्रमाणात वाचले. आजारी सरडा स्वतःहून जास्त उबेची जागा शोधतो. आपल्या तापाचंच काम तो उन्हाकडून करून घेतो.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. गडग्यावरचा सरडा पकडून पेटीत ठेवायचा नाही. स्टार कासव पाळणं तर १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे, मग ते घरात लक्ष्मी आणतं असं कुणी कितीही सांगो. परदेशी प्रजातींसाठीही नोंदणीचे नियम आहेत. आधी ते बघा, मग पेटीचं बघा.

आणि पावसाळा. आपल्याकडे जुलैत वीज गेली की कधी परत येईल याचा नेम नसतो. पेटीवर घोंगडी टाका, वरून हवेला फट ठेवून. गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून एका कोपऱ्यात ठेवा. आणि वीज येऊन फरशी पुन्हा तापेपर्यंत खायला घालू नका, कारण थंड पोटात अन्न पचत नाही, सडतं. निरोगी मोठा प्राणी काही दिवस उपाशी राहू शकतो.